आमची टाकी कधी भरलीच नाही

लोणखेड्यात कुणाकडे पाहुणे म्हणून गेलात, तर चहा येईपर्यंत तुम्हाला तीन गोष्टी सांगितल्या जातात. यंदा पपईला काय भाव मिळाला, मुलगा पुण्याला किंवा सुरतेला काय करतो, आणि 'आमची टाकी आजपावेतो कधी भरलीच नाही.' पहिल्या गोष्टीत भाव जरा उतरवून सांगतात, दुसरीत पगार जरा चढवून. तिसरी मात्र देवाशपथ खरी असते. पिण्याच्या पाण्याची टाकी रोज भरते आणि रोज रिकामी होते, तिचं कौतुक कोण करणार? ही संडासाची. जमिनीखालची. घरातली लहानथोर मंडळी वर्षानुवर्षं न चुकता भर घालत असतानाही जी भरत नाही, ती. बँकेत एवढ्या नेमाने भरणा करणारं कुटुंब अजून माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या गल्लीत या बाबतीत मानपान ठरलेला आहे. वरच्या टोकाला आप्पा राहतात. "मन्ही टाकी पंधरा वरीसमा भरनी नही," हे वाक्य ते सोयरीक जमवतानासुद्धा मध्ये घालतात. त्यांच्या खालच्या घरातल्या नानांची टाकी वीस वर्षांत भरली नाही, त्यामुळे वयाने लहान असूनही टाकीच्या विषयात नाना वडीलधारे. आमची टाकी किती वर्षं भरली नाही हे मला सांगता येत नसे, कारण ती कुठे आहे हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. "आमचंही तसंच," असं म्हणून मी घाईघाईने कापसावर बोलायला लागत असे. गल्लीत खाली मान घालून फिरणारे एकटे गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले, खालच्या टोकाला राहणारे. त्यांची टाकी दर तीन वर्षांनी भरते. मग शहाद्याहून उपसायची गाडी येते, सगळी घरं खिडक्या लावून घेतात आणि फटीतून बघतात. "घरात माणसं दोन," आई म्हणायची, "खातात तरी काय एवढं?"

या बढाईचा मूळपुरुष फ्रान्सचा निघाला. मूरास नावाच्या गृहस्थाने घराशी एक बंद टाकी बांधली, काही वर्षांनी उघडून पाहिली, तर आत वाटलं होतं त्याच्या मानाने फारच थोडा गाळ. गडी खूश झाला आणि १८८१ मध्ये त्याने चक्क पेटंट घेतलं. पुढे १८९५ च्या सुमारास इंग्लंडातल्या एक्झेटर गावच्या कॅमेरून नावाच्या इंजिनिअरने ती सुधारली आणि तिला सेप्टिक टँक म्हणायला सुरुवात केली. आमचा मिस्तरी तिला सेफ्टी टँक म्हणतो. आत जे चालतं ते तेव्हाही हेच होतं. जड ते तळाला बसतं, हलकं ते साय धरून वर तरंगतं, हवेवाचून जगणारे जंतू त्यातला काही भाग खाऊन टाकतात आणि मधलं पाणी पलीकडच्या तोंडाने बाहेर पडतं. म्हणजे गोबरगॅसच, फक्त वर शेगडी नाही. पण जंतू खातात तो काही भाग. उरलेला गाळ साचत जातो आणि दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतो. मूरासची पहिली गोष्ट आमच्या गल्लीपर्यंत पोचली, ही दुसरी वाटेत कुठेतरी अडकली.

अडकण्याचाच विषय निघाला म्हणून गल्लीचा भूगोल सांगतो. घरं ओळीने, उतार आप्पांकडून गुरुजींकडे, आणि सगळ्यांची गटार एकच. अर्धी उघडी, अर्धी ढाप्यांखाली, मध्ये एका ठिकाणी सिमेंटचा पाइप. तिचं पाणी मोठ्या नाल्याला मिळतं आणि उतार धरून शेवटी गोमाईकडे जातं. गोमाई प्रकाशाला जाऊन तापीला मिळते. प्रकाशाला आम्ही दक्षिण काशी म्हणतो, काशीची यात्रा करून आलात तरी प्रकाशाला गेल्याशिवाय ती पुरी होत नाही म्हणतात. आई कितीतरी वर्षं म्हणत होती, एकदा सगळे मिळून जाऊ. आम्हाला सवड झाली नाही. आमचं सांडपाणी मात्र कधीपासून पायी जात होतं.

ते श्रावणात थांबलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. सुरतेहून, नाशिकहून, झाडून सगळे भाऊबंद येतात. सव्वाच्या मापाने गहू घेऊन दळलेले रोट भावकीतच संपवायचे असतात, त्यामुळे भावकीही भरपूर लागते. घर माणसांनी गच्च, न्हाणीत एकामागून एक अंघोळी, मागे पुरणाच्या पातेल्यांचा ढीग. अशा मुहूर्तावर न्हाणीच्या जाळीतून 'गुडुक' असा आवाज आला आणि जे पाणी खाली जायला हवं ते वर आलं. मागोमाग चार शेवया आल्या.

"आज आपल्याकडे शेवया नव्हत्या," बायको म्हणाली.

"मग?"

"नानांकडे होत्या. सकाळी वास येत होता."

सासरच्या माणसांसमोर न्हाणी उफाळून आलेली असताना शेजारच्या स्वयंपाकाचा माग काढणाऱ्या बाईबद्दल मला आदरच वाटला. मी तडक वर आप्पांकडे गेलो.

"आप्पा, गटार तुंबली."

"मन्ही नही तुंबनी."

"एकच गटार आहे ना सगळ्यांची?"

"एक शे. पन आठे तं पानी चालनं. हाई देख." आणि त्यांनी पुराव्यादाखल भरलेली बादली गटारीत ओतली. पाणी खरोखरच झोकात निघून गेलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडून बायको विचारत होती, "हे पाणी कोण सोडतंय?"

तुंबलेल्या गटारीचा मालक कोण, याबद्दल आमच्या गल्लीत ठाम मतं आहेत. वरच्यांचं म्हणणं, आमच्या दारावरून पाणी पुढे गेलं की आमचा संबंध संपला. खालच्यांचं म्हणणं, घाण येते ती वरूनच येते, मग काढायची कुणी? मधल्यांचं म्हणणं, आमच्या दारापुढे तर वाहती आहे. मी मधला. त्यामुळे श्रावणातल्या त्या रविवारपर्यंत माझंही मत तेच होतं, त्यानंतर मी खालच्यांना जाऊन मिळालो.

नानांनी या प्रश्नाला कायद्याचं अधिष्ठान दिलं. नानांचा बांधावरून एक दावा कोर्टात जुना होत पडलेला आहे, त्यामुळे वकिलाइतके नसले तरी वकिलाच्या कारकुनाइतके कायदे त्यांना येतात. "१८८२ चा वहिवाटीचा कायदा आहे," ते म्हणाले. "वीस वर्षं एखाद्या वाटेने बिनतक्रार पाणी सोडलं, की ते सोडायचा हक्कच लागतो. माझ्या वडिलांपासून इथून पाणी जातंय. अडवून दाखवा."

"अडलेलंच आहे नाना," गुरुजी हळूच म्हणाले. "आणि साफ करायची वहिवाट?"

"ती कुणी सुरूच केली नाही. मग हक्क कसा लागेल?"

मग बांबू निघाला. प्रत्येक गल्लीत एक बांबू असतो, दहीहंडीला, निवडणुकीच्या झेंड्याला आणि गटारीला तोच. बांबू कुणी कसा धरावा यावर उपस्थितांचं एकमत होईना. जो धरत नाही त्याला बांबूतलं सगळ्यात जास्त कळतं. "जरा डावीकडे घ्या." "असं ढकलू नका, फिरवा." "आधी गरम पाणी ओता." "गरम नको, अॅसिड टाका." "अॅसिडने पाइप जाईल, मिठाचे खडे टाका." पाइपच्या तोंडाशी बांबू अडला, आम्ही तिघांनी जोर लावला आणि बांबू मधून मोडून पुढचा तुकडा पाइपात राहिला. आता गटारीत कचरा होता आणि बांबूही होता.

शेवटी ढापे उचलले आणि घमेल्याने गाळ काढायला घेतला. दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, निर्माल्य, एक मोजा, आणि या सगळ्याला घट्ट धरून ठेवणारं गोठलेलं तेल. शेवभाजी खाणाऱ्या मुलखात गटारीची तर्रीही दाट असते. दगडासारखा झालेला तो पांढरा थर फावड्याने फोडताना आतून काहीतरी खण्णकन वाजलं. स्टीलची वाटी. गुरुजींनी ती चेंबरच्या काठावर पाण्याने धुतली आणि चष्मा वर करून वाचली. आमच्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. वाटीवर नानांच्या सासुरवाडीचं नाव होतं, लग्नाची तारीख होती आणि 'मामाकडून सप्रेम' असंही होतं.

"बघा," आप्पा म्हणाले. पुरावा बोलला होता.

नाना वाटी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "ही वाटी तुमच्याकडे डुबुकवड्या पाठवल्या होत्या तिची आहे. गेली ती परत आलीच नाही."

"आम्ही परत केली होती," बायको ओट्यावरून म्हणाली. "लिंबाचं लोणचं घालून."

"लोणचं आलं ते काचेच्या वाटीतून," नानांची मंडळी त्यांच्या ओट्यावरून म्हणाल्या.

गटारीचा विषय तिथे संपला. दोन घरांमधून वाटी कशी कशी फिरली याचा संपूर्ण इतिहास, मधल्या एका साखरपुड्यासकट, दिवेलागणीपर्यंत चालला. पाणी तोवर आपोआप थोडं उतरलं होतं, बहुधा ऐकायला थांबलं नसावं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चढलं, तेव्हा अर्ज करायचं ठरलं. अर्ज माझ्याकडे आला, कारण मी पूर्वी कधीतरी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं आणि तेव्हापासून गल्ली मला लेखक समजते. लेखक म्हणजे फुकट अर्ज लिहिणारा. नानांनी मायन्यापासून हरकती घ्यायला सुरुवात केली. "ग्रामसेवक लिहू नका. २०२४ मध्ये पदनाम बदललं, आता ग्रामपंचायत अधिकारी. चुकीच्या पदनामाला उत्तर कोण देणार?" मायना सुधारला. मग 'आमची गटार' लिहायचं की 'सार्वजनिक गटार' यावर गाडी अडली. आमची म्हटलं तर साफ आम्हीच करायची. सार्वजनिक म्हटलं तर आप्पांचा ओटा सार्वजनिक जागेवर हातभर पुढे आलेला, नानांचा जिना तिच्यावरच टेकलेला आणि माझ्या शेडचा खांब तिच्या काठात रोवलेला. बरीच चर्चा होऊन 'सदर गटार' असं लिहिलं.

पाहणीला एक तरुण अधिकारी आले. आम्ही चहा, फरसाण आणि तक्रारी तयार ठेवल्या होत्या. ते गटारीच्या कडेने वरपासून खालपर्यंत चालत गेले, दोन-तीन ठिकाणी वाकून भिंतीतून बाहेर आलेले पाइप पाहिले आणि परत येऊन साधा प्रश्न विचारला.

"इथे किती घरांनी टाकीचं पाणी गटारीत सोडलंय?"

गल्लीत शांतता पसरली. आप्पा आपल्या चपलेकडे बघू लागले. मी खांबाकडे. नाना आभाळाकडे बघून म्हणाले, "यंदा पाऊस चांगला आहे."

अधिकाऱ्यांनी मग ओट्यावर बसून शांतपणे समजावलं. गटार न्हाणीच्या आणि मोरीच्या पाण्यासाठी. टाकीतून निघणारं पाणी दिसायला पाणी असलं तरी त्यात रोगाचे जंतू असतातच, ते शोषखड्ड्यात जायला हवं, आणि तो खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून, बोअरपासून निदान १८ मीटर लांब. टाकीच्या हवेचा पाइप छताच्या वर न्यायचा, तोंडाला डासांची जाळी बांधायची. भारतीय मानक २४७० म्हणून एक पुस्तिका आहे, १९८५ ची. पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर पाणी राहील एवढी टाकी पुरते, त्यात सगळं दिलेलं आहे.

"मन्ही येन्हापेक्षा मोठी शे," आप्पा म्हणाले.

नानांनी शास्त्रीय शंका काढली. "साहेब, ही काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात फुगून गच्च होते. शोषखड्डा शोषणार कसा?" ही शंका खरी होती. अधिकाऱ्यांनीही ती मानली. खड्डा मोठा घ्यावा लागेल, भोवती वाळू आणि विटांचे तुकडे भरावे लागतील, म्हणाले. नानांना एवढं खरं उत्तर अपेक्षित नसावं. ते नाराज झाले.

"वाई आणि सिन्नरला तर कुणाची टाकी भरली का, असं विचारतच नाहीत," अधिकारी पुढे म्हणाले. "पाळी लावून दिलीय. तीन वर्षांतून एकदा गाडी दारात येते, उपसते आणि गाळ प्रक्रिया केंद्रावर नेते."

"न भरेल टाकी पन उपसतंस?" आप्पांनी विचारलं.

"हो. सगळ्यांची."

"हाई तं अन्याय शे."

जाताना अधिकारी एवढंच म्हणाले, की पाइपातला बांबू काढून देतो, पण टाक्या आधी उपसा, नाहीतर दिवाळीला पुन्हा याल. म्हणजे टाक्या उघडायच्या. म्हणजे त्या आधी शोधायच्या.

टाकी वायव्येला असते, हे गल्लीत पोराटोरांना पाठ आहे. वास्तुशास्त्रवाल्यांनी एवढं काम पक्कं केलेलं. वायव्येला कुठे, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. आमच्या वडिलांनी घर बांधलं तेव्हा टाकी अंगणात होती. पुढे अंगणात खोली झाली, खोलीपुढे ओटा झाला, ओट्यापुढे गाडी लावायला पत्र्याची शेड. टाकी जागची हलली नाही, घरच तिच्यावर चालून गेलं. ज्या मिस्तरीने ती बांधली तो सुरतेला जाऊन ठेकेदार झाला. फोनवर त्याला विचारलं तर म्हणाला, "तुमचं घर? ते निळ्या गेटचं?" गेट कधीच निळं नव्हतं.

आईने आठवून सांगितलं, "लिंबाच्या झाडापासून चार पावलं." झाड तोडून खोली बांधली त्याला जमाना झाला. तरी आईने खोलीच्या मधोमध उभं राहून, डोळे मिटून झाडाची जागा दाखवली आणि तिथून चार पावलं टाकली. ती भिंतीतून पलीकडे नानांच्या न्हाणीत जात होती. "तेव्हा माझी पावलं लहान होती," आई म्हणाली. शेवटी नवा मिस्तरी कुदळीच्या दांड्याने फरशी ठोकत आणि जमिनीला कान लावत घरभर फिरला. त्याच्यामागे आम्ही सगळे श्वास रोखून. स्वयंपाकघरात तो थांबला तेव्हा बायकोने डोळे मिटले. पण तो पुढे सरकला आणि पाहुण्यांच्या खोलीत, लोखंडी कपाटापुढे बसून म्हणाला, "इथं पोकळ वाजतंय." कपाट सरकवलं, वर्षापूर्वीच बसवलेल्या गुळगुळीत फरश्या फोडल्या आणि ढापा सापडला. मेव्हणे इतकी वर्षं सुट्टीला येऊन त्याच्यावर गादी टाकून झोपत होते आणि लोणखेड्याच्या हवेत झोप छान लागते म्हणत होते.

उपसण्याच्या खर्चाची वाटणी कशी करायची यावर जी बैठक झाली, ती इथे सांगत नाही. ज्यांनी भावकीत विहिरीच्या मोटारीचं बिल वाटून घेतलंय त्यांना ती माहीत आहे. एवढंच सांगतो, की खर्च कमी करायची युक्ती आप्पांनी काढली. "गाडी कसाले? येक पोऱ्या उतारी दिऊत. पाचशे रुपया दिऊत."

गुरुजी कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. आत मिथेन असतो, हायड्रोजन सल्फाइड असतो, ते म्हणाले. एकदोन श्वासांत माणूस पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तो पडतो. मग तिसरा. वर्तमानपत्रात तीन-तीन नावं एकत्र येतात ती अशी.

कुणी काही बोललं नाही, पण कुणी हललंही नाही. आप्पा पाचशेचे सातशे करायला तयार होते. तेव्हा गुरुजींनी दुसरा धडा काढला. २०१३ चा कायदा. माणसाला टाकीत उतरवलं की उतरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा केलं तर पाच वर्षं आणि पाच लाख. आणि माणूस गेला तर ३० लाखांची भरपाई, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय. माणूस मरतो म्हटल्यावर जागचे न हललेले लोक आकडे ऐकून दोन पावलं मागे सरकले. नानांनी 'किंवा दोन्ही' पुन्हा एकदा म्हणून घेतलं. "मी तं गम्मत करी ऱ्हायंतू," आप्पा म्हणाले.

गाडी आली त्या दिवशी गल्लीत कुणी कामावर गेलं नाही. गुरुजींची गाडी यायची तेव्हा खिडक्या लावणारी माणसं आता नाकाला रुमाल बांधून ओळीने उभी होती. वास सगळ्यांना सोसवत नव्हता, पण दुसऱ्याची टाकी उघडताना घरात बसणं त्याहून सोसवत नव्हतं.

पहिली गुरुजींची. दोन कप्पे, मधे भिंत, हवेचा पाइप, मागे शोषखड्डा. गाळ बऱ्यापैकी साचलेला. "बरोबर आहे," गाडीवाला म्हणाला, "वेळेवर बोलावलंत." गुरुजींनी नेहमीच्या सवयीने मान खाली घातली होती, ती वर करावी की नाही हे त्यांना ठरवता येईना.

नानांची टाकी उघडली आणि गाडीवाल्याने ढापा परत ठेवून आधी लांब जाऊन श्वास घेतला. वीस वर्षांत न भरलेली ती टाकी कोण जाणे कधीपासून काठोकाठ होती. आत काही मुरत नव्हतं, साचत नव्हतं, वरून जे येईल ते जसंच्या तसं पलीकडच्या पाइपने गटारीत आणि गटारीतून आमच्याकडे. "ही टाकी नाही," गाडीवाला म्हणाला, "हा बस स्टँड आहे." नाना म्हणाले, वहिवाटीत बसतं ते.

आमच्या टाकीबद्दल फार सांगत नाही. गाडीचा जाडजूड पाइप दिवाणखान्यातून, टीव्हीसमोरून, पाहुण्यांच्या खोलीत नेला. बायकोने त्याच्याखाली रांगोळी काढावी तशी वर्तमानपत्रं अंथरली होती. तेवढं पुरे.

मग आप्पांची. पंधरा वर्षांचा मान. आप्पा धोतराचा सोगा सावरून ढाप्याशी उभे राहिले, जणू आत शिलालेख आहे. ढापा निघाला. गाडीवाल्याने बॅटरी मारली, मग लांब काठी आत सोडली. काठी जात राहिली. त्याने दुसरी जोडून पुन्हा सोडली.

"आप्पा, हिला तळ नाही."

"तय नही म्हनजे?"

"खाली फरशीच केलेली नाही. नुसत्या चार भिंती. सगळं थेट जमिनीत जातं. ही वीस काय, शंभर वर्षं भरणार नाही."

शंभर वर्षं ऐकून आप्पांचा चेहरा क्षणभर उजळलाही होता. पण तोवर गल्लीतल्या प्रत्येकाची नजर त्या ढाप्यावरून निघून अंगणातल्या बोअरच्या पंपाकडे गेली होती. मधलं अंतर मोजायला टेपची गरज नव्हती. आप्पांच्या बोअरचं पाणी गोड म्हणून गल्लीत प्रसिद्ध. उन्हाळ्यात नळ आला नाही की आम्ही सगळे चहापुरतं तिथूनच नेत होतो. "या पाण्याच्या चहाला चवच वेगळी," हे नानांचं वाक्य, आणि मी त्याला मान डोलावत होतो.

बायकोने घरात जाऊन माठ अंगणात आणून उपडा केला. मग नानांकडेही पाणी ओतल्याचा आवाज आला. मग समोरच्यांकडे.

गाडी भरली. गाडीवाल्याने पाइप गुंडाळला, हात धुतले, पैसे मोजून घेतले आणि विचारलं, "कुठे खाली करू?"

याचा विचार कुणीच केला नव्हता. टाकीतून गेलं म्हणजे गेलं, अशीच सगळ्यांची समजूत. वाई-सिन्नरसारखं केंद्र जवळपास कुठे आहे का यावर गुरुजी बोलू लागले, पण तेवढ्यात लोकांना आपापली कामं आठवली. आप्पा तेवढे गाडीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेऊन गेले. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. गाडी वळली ती आप्पांच्या शेताच्या रस्त्याला.

हिवाळ्यात आप्पांच्या पपईला असा बहर आला की व्यापारी शहाद्याहून बघायला आले. एकेक फळ दोन्ही हातांनी उचलावं असं. आप्पा दिलदार. गटारीच्या प्रकरणात तोंडातोंडी झाली ती मनात ठेवू नये म्हणून त्यांनी गल्लीत घरोघर एक-एक पपई पाठवली. आमच्याकडे आली तेव्हा बायकोने ती ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली आणि लगेच हात धुतले. संध्याकाळी नानांची सून दुसरी पपई घेऊन आली. "आमच्याकडे पपई कुणाला सोसत नाही, उष्ण पडते. तुमच्या मुलांना आवडते ना?" आता दोन झाल्या. आम्ही दोन्ही समोरच्यांना दिल्या. समोरच्यांना उशिरा लक्षात आलं, पण आलं. दोन दिवस त्या पपया गल्लीतून वरखाली फिरत होत्या आणि भेटेल तो माणूस आपल्या घरी पपई का चालत नाही याचं वैद्यकीय कारण सांगत होता.

तिसऱ्या सकाळी गुरुजींनी गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, "माझ्या ओट्यावर सात पपया ठेवलेल्या आहेत. कुणाच्या आहेत?"

सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. बराच वेळ कुणाचं उत्तर नाही. मग नानांनी लिहिलं, "यंदा थंडी चांगली आहे."